डॉक्टरीणबाईंच्या कथा

लेडी डॉक्टर वय विचारते. मुहम्मदी बेगम सांगते, ३२. डॉक्टरला ते खरे वाटत नाही, कारण समोरची बाई कितीतरी थकलेली, वाळलेली दिसते आहे. सतराव्या वर्षी निकाह झाला आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी एक बाळंतपण. मुलांना अंगावर पाजायचीही सोय नाही, कारण मियाँला बायको सदा मोकळी हवी. म्हणून पाजायला दुसऱ्या बाया ठेवलेल्या. शेवटी अंग बाहेर आले, ऑपरेशन करावे लागले. तेसुद्धा नवऱ्याची मर्जी जाऊ नये म्हणून. हे सगळे ती आपल्या ओळखीच्या आफताब बेगमपाशी बोलते आहे. घरात खाण्यापिण्याची ददात नाही, दाराशी पडदा आहे, बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, किती सुखी बाई!

'पर्दे के पीछे' नावाच्या उर्दू एकांकिकेतला हा प्रसंग १९३२ सालचा आहे. लिहिणारी रशीद जहाँ तेव्हा २७ वर्षांची होती आणि डॉक्टर होऊन तिला तीन वर्षे झाली होती. अंगावर पाजणाऱ्या आईला पुढचे दिवस सहसा उशिरा जातात, हे आज आपल्या आशा ताईही सांगतात. रशीद जहाँला ते ठाऊक होते. म्हणून ती 'नवरा जुलमी आहे' असे नुसते लिहून थांबत नाही. जुलूम शरीरावर कोणत्या वाटेने उतरतो, तेही दाखवते. आम्हाला तिचे मोठेपण इथे दिसते.

आमच्या ओळखीच्या अनेक घरांत मुलगी 'सायन्स'ला गेली की गोष्टींची पुस्तके कपाटात जातात. 'आधी डॉक्टर हो, मग काय लिहायचे ते लिही' असे अम्मी-अब्बा प्रेमानेच सांगतात. रशीद जहाँचे आयुष्य पाहिले की वाटते, हे 'आधी' आणि 'मग' तिला कधी सुचलेच नसावे.

तिचा जन्म १९०५ साली अलीगढचा. वडील शेख अब्दुल्ला आणि आई वहीद जहाँ बेगम या दोघांनी १९०६ मध्ये तिथे मुस्लिम मुलींची शाळा काढली. वडिलांना सारे 'पापा मियाँ' म्हणत, आईला 'आला बी'. मुली शाळेत पाठवा म्हणून हे दोघे लोकांच्या विनवण्या करीत, आणि त्याच शाळेत घरच्या लेकी शिकत. (धाकटी बहीण खुर्शीद पुढे 'रेणुका देवी' या नावाने मुंबईत बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत चमकली. एकाच घरातल्या लेकी, पण वाटा किती वेगळ्या!) १९२१ मध्ये रशीद जहाँ लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात विज्ञान शिकायला गेली. 'सलमा' ही तिची पहिली कथा तिथलीच, आणि तीही इंग्रजीतली. १९२४ मध्ये दिल्लीचे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, १९२९ मध्ये डॉक्टरी. मग सरकारी नोकरी आणि बहराइच, बुलंदशहर, मेरठ अशा गावांतून बदल्या.

या बदल्यांनी तिला काय दिले, याचा विचार करावा. त्या काळातल्या पुरुष लेखकाला जनानखान्याच्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकता येत नव्हते. तो स्त्रीच्या दुःखावर लिहीत असे ते ऐकीव. रशीद जहाँ मात्र हातात बॅग घेऊन थेट बाजेपाशी जाऊन बसे. जी गोष्ट बाई सख्ख्या आईला सांगत नाही ती डॉक्टरला सांगते, कारण सांगितल्याशिवाय इलाज होत नाही. तिची 'आसिफजहाँ की बहू' ही कथा एका घरातल्या बाळंतपणाची आहे. 'वो' या कथेत रोगाने चेहरा झडलेली, बदनाम ठरलेली एक बाई आहे. शाळेत शिकवणाऱ्या निवेदिकेची आणि तिची पहिली भेट इस्पितळातच होते.

'पर्दे के पीछे' आणि 'दिल्ली की सैर' या तिच्या दोन गोष्टी ज्या पुस्तकात छापून आल्या, त्याचे नाव 'अंगारे'. सज्जाद जहीर, अहमद अली आणि महमूदुज्जफर हे बाकीचे तिघे लेखक. डिसेंबर १९३२ मध्ये पुस्तक लखनौला निघाले, मार्च १९३३ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. या पुस्तकातल्या काही मजकुराने श्रद्धाळू माणसाला ठेच लागली, हे आम्ही नाकारत नाही. पण तो मजकूर मुख्यतः इतरांचा होता. रशीद जहाँच्या दोन्ही लेखनांत तक्रार आहे ती घरातल्या पुरुषाची. तरी सर्वांत जास्त राग निघाला तो तिच्यावर, कारण ती बाई होती. 'अंगारेवाली' हे नाव तिला कायमचे चिकटले. नाक कापू, तोंडावर ॲसिड टाकू, अशा धमक्या आल्या. तिने दवाखाना बंद केला नाही.

१९३४ मध्ये तिचे महमूदुज्जफरशी लग्न झाले. १९३६ च्या लखनौमधल्या प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या परिषदेसाठी ती राबली, पुढे कम्युनिस्ट पक्षाच्या कामात गेली, १९४९ मध्ये तुरुंगातही राहिली. तिचे राजकारण सर्वांना पटेल असे नाही. रोगी, सभा, घर यांतून उरेल त्या वेळात ती लिही, आणि ते लिखाणात दिसते. काही कथा घाईच्या वाटतात, काही ठिकाणी पात्र बोलायचे थांबते आणि लेखिकाच भाषण देऊ लागते. जिवंतपणी तिचा एकच संग्रह आला, 'औरत', १९३७ चा. पण तिच्या घरच्यांच्या शाळेत शिकलेली इस्मत चुगताई पुढे उर्दूतली केवढी मोठी लेखिका झाली, आणि आपल्यावर सर्वांत जास्त छाप रशीद आपाची आहे हे तिने मोकळेपणाने सांगितले.

बायकांच्या पोटाचे, ओटीपोटाचे आजार लिहिणारी ही डॉक्टर स्वतः गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. उपचारासाठी तिला मॉस्कोला नेले होते. २९ जुलै १९५२ रोजी तिथेच तिचा इंतकाल झाला, वय अवघे ४६. कबरही तिथेच आहे.

'दिल्ली की सैर' ही जेमतेम तीन-चार पानांची आहे. फरीदाबादची मलका बेगम नवऱ्याबरोबर हौसेने आगगाडीत बसून दिल्लीला येते. नवरा तिला सामानावर बसवतो आणि एका मित्राबरोबर निघून जातो. फलाटावर, बुरख्यात, उपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा सोसत ती तासन्‌तास बसून राहते. तो पोट भरून परत येतो तेव्हा ती म्हणते, मला घरी न्या, झाली दिल्ली पाहून. आणि ही हकीगत घरी परतल्यावर शेजारणींना सांगताना ती अशी रंगवते, की ऐकणाऱ्याला हसू येते आणि मग हसल्याचे वाईट वाटते. ज्या घरात उर्दू वाचणारी नानी किंवा दादी आहे, तिथे त्यांच्याकडून ती एकदा मोठ्याने वाचून घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे पुरतील. घरातल्या पुरुषांनाही बसवावे.