युरोपातील ‘थिंक टँक’ : मोजणी, हिशेब आणि मत

विशेष प्रतिनिधी

युक्रेनमधील युद्ध असो, युरोचा चढउतार असो वा जर्मनीतील निवडणूक. युरोपविषयीच्या बातमीत एक वाक्य हमखास आढळते. ‘लंडनस्थित अभ्याससंस्थेतील तज्ज्ञांच्या मते...’ किंवा ‘ब्रुसेल्समधील थिंक टँकच्या अहवालानुसार...’ अशी त्याची सुरुवात असते. वाचक ते वाचतो आणि पुढे जातो. हे तज्ज्ञ कोण, त्यांच्या संस्थांचा खर्च कोण चालवते आणि त्यांच्या शब्दाला किती वजन द्यावे, हे प्रश्न सहसा मनात येत नाहीत. ते का यायला हवेत, हे समजून घेण्यासाठी २०२२ च्या वसंतात जर्मनीत रंगलेल्या एका वादाकडे पाहायला हवे. देशाची अर्थव्यवस्था आणि रशियाच्या युद्धखजिन्यात रोज पडणारा पैसा या दोन्ही गोष्टी त्या वादात पणाला लागल्या होत्या.

विद्यापीठ नव्हे, सरकारी खातेही नव्हे

थिंक टँक ही विद्यापीठ आणि सरकार यांच्या मधली जागा. विद्यापीठातील संशोधनाला वर्षे लागतात आणि मंत्र्याला निर्णय उद्या घ्यायचा असतो. ही दरी भरून काढण्याचे काम या संस्था करतात. त्यांची परंपरा जुनी आहे. ‘रुसी’ या नावाने ओळखली जाणारी लंडनची संरक्षणविषयक संस्था १८३१ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पुढाकाराने स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या होरपळीनंतर, १९२० मध्ये, आज ‘चॅटहॅम हाऊस’ म्हणून परिचित असलेली संस्था उभी राहिली. बैठकीत ऐकलेली माहिती वापरावी, मात्र ती कोणी सांगितली हे उघड करू नये, हा जगभर पाळला जाणारा संकेत १९२७ मध्ये याच संस्थेने घालून दिला. स्टॉकहोमची ‘सिप्री’ १९६६ ची, तर आर्थिक धोरणांचा अभ्यास करणारी ब्रुसेल्समधील ‘ब्रुगेल’ अगदी अलीकडची, २००५ ची.

या संस्थांमधून बाहेर पडणारी विधाने साधारणतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार मोजणीचा. कोणत्या देशाने लष्करावर किती खर्च केला, हे ‘सिप्री’ वर्षानुवर्षे मोजत आली आहे. युक्रेनला कोणी किती मदत दिली, याची नोंद जर्मनीतील कील येथील अर्थशास्त्र संस्था २०२२ पासून ठेवत आहे. दुसरा प्रकार सशर्त हिशेबाचा : ‘अमुक घडले, तर तमुक होईल.’ तिसरा प्रकार निव्वळ मताचा. बातमीत मात्र हे तिन्ही प्रकार ‘तज्ज्ञांच्या मते’ या एकाच पिशवीत कोंबले जातात. गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

जर्मनीचा गॅस-वाद

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा जर्मनीच्या आयात नैसर्गिक वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियाकडून येत होता. रशियाकडून होणारी ही खरेदी ताबडतोब थांबवावी, अशी मागणी पुढे आली. ७ मार्च रोजी नऊ अर्थतज्ज्ञांच्या गटाने एक टिपण प्रसिद्ध केले. र्‍यूडिगर बाखमन, बेंजामिन मोल, मोरित्झ शुलारिक आदींचा त्यात समावेश होता. रशियन इंधनाची आयात अचानक बंद झाली, तर जर्मनीच्या राष्ट्रीय उत्पन्नात अर्धा ते तीन टक्के घट होईल. हा फटका मोठा असला तरी सोसण्याजोगा असेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

उद्योगजगतात त्यामुळे खळबळ माजली. रसायन उद्योगाच्या धुरिणांनी विनाशाचे इशारे दिले. चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या तज्ज्ञांना चुकीचे ठरवले आणि गणिती प्रारूपांच्या आधारे असे दावे करणे बेजबाबदारपणाचे आहे, असे सुनावले. एप्रिलमध्ये जर्मन मध्यवर्ती बँकेने अशा परिस्थितीत सुमारे पाच टक्क्यांपर्यंत फटक्याची शक्यता वर्तवली. देशातील पाच आघाडीच्या आर्थिक संस्थांनी संयुक्त अहवालात दोन वर्षांत मिळून २२० अब्ज युरोंचे, म्हणजे वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे साडेसहा टक्के, नुकसान होईल असे म्हटले. विशेष म्हणजे या पाचांपैकी एक असलेल्या म्युनिकच्या ‘इफो’ संस्थेतील काही जण त्या नऊ जणांच्या गटातही होते. एकाच संस्थेतून दोन स्वर निघू शकतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इतका फरक का?

सगळे जण अर्थतज्ज्ञ, आकडेवारीही बरीचशी सारखी. मग उत्तरे वेगळी का? फरक गृहीतकात होता. घरातील सिलिंडर ऐन सकाळी संपला, अशी कल्पना करा. ‘गॅस नाही म्हणजे स्वयंपाक नाही आणि स्वयंपाक नाही म्हणजे घर उपाशी’, असा एक हिशेब मांडता येईल. दुसरा हिशेब असा, की भात विजेच्या शेगडीवर होईल, चहा शेजारून येईल आणि पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणता येतील. खर्च वाढेल, तारांबळ उडेल. पण कोणी उपाशी राहणार नाही. अर्थशास्त्रात याला पर्यायक्षमता म्हणतात. ती शून्य धरली, तर उत्तर भयंकर येते. ती अगदी थोडी धरली, तरी उत्तर झपाट्याने सौम्य होते.

प्रत्यक्षात काय घडले? जूनपासून रशियाने नॉर्ड स्ट्रीम वाहिनीतील पुरवठा टप्प्याटप्प्याने घटवला आणि ऑगस्टअखेर तो पूर्ण थांबवला. युरोपातील वायूच्या घाऊक दराने त्याच महिन्यात उच्चांक गाठला. ऑक्टोबरमध्ये युरो क्षेत्रातील महागाईचा दर १०.६ टक्क्यांवर पोहोचला. तरीही जर्मनी कोलमडली नाही. कारखान्यांनी तेल आणि कोळशाकडे मोर्चा वळवला. अमोनियासारखा वायू पिणारा कच्चा माल देशात बनवण्याऐवजी बाहेरून आणला गेला. म्हणजे पोळ्या विकत आणल्या गेल्या. नॉर्वे हा सर्वांत मोठा पुरवठादार बनला. विल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे केंद्र काही महिन्यांत उभे राहून डिसेंबरमध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये जर्मन अर्थव्यवस्था घटण्याऐवजी वाढली.

म्हणजे नऊ तज्ज्ञ पूर्णपणे बरोबर आणि चॅन्सेलर पूर्णपणे चूक, असा निवाडा करायचा का? तोही घाईचा ठरेल. तज्ज्ञांचा हिशेब पुरवठा मार्च-एप्रिलमध्ये बंद होण्याचा होता. प्रत्यक्षात तो सप्टेंबरपर्यंत रेंगाळला आणि तेवढ्या अवधीत भूमिगत साठे भरून घेता आले. हिवाळा सौम्य गेला. सरकारने २०० अब्ज युरोंपर्यंतची मदत जाहीर केली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जर्मन अर्थव्यवस्था किंचित आकसली. त्यामागे महाग ऊर्जा हे एक कारण होते. तरीही पर्याय शोधण्याची उद्योगांची क्षमता मंत्र्यांनी आणि कारखानदारांनी कमी लेखली होती, हे मान्य करावेच लागते.

सुरक्षातज्ज्ञांची चूक

अर्थतज्ज्ञांपेक्षा सुरक्षातज्ज्ञांची परीक्षा अधिक कठीण होती. ‘रुसी’च्या अभ्यासकांनी आक्रमणाच्या सुमारे दहा दिवस आधी प्रसिद्ध केलेल्या अहवालात रशियाचा हेतू नेमका ओळखला होता : सीमेवरील दबावतंत्र नव्हे, तर युक्रेन हा देश ताब्यात घेणे. मात्र युद्धाचा निकाल काय लागेल, याबाबत पाश्चात्त्य विश्लेषकांपैकी अनेकांचा अंदाज साफ चुकला. कीव काही दिवसांत पडेल, असे मानणारे थोडे नव्हते. रणगाडे आणि विमाने मोजली गेली. पण रसद, मनोधैर्य आणि लढण्याची जिद्द मोजायची राहून गेली. वॉशिंग्टनच्या ‘सीएसआयएस’ या थिंक टँकनेच २०२४ मध्ये या अपयशाची चिकित्सा करणारा अहवाल काढला. मोजणी अचूक असूनही तिच्यावर उभारलेले मत चुकू शकते, हा त्यातला धडा.

पैसा कोणाचा?

बर्लिनमधील ‘एसडब्ल्यूपी’ या संस्थेचा मुख्य खर्च जर्मन चॅन्सेलर कार्यालयाच्या अंदाजपत्रकातून चालतो. ‘ब्रुगेल’ला सदस्य देश आणि कंपन्या वर्गणी देतात. सरकारचा पैसा घेतला म्हणजे संशोधक सरकारचा पोपट झाला, असे नव्हे. पण निधीचा स्रोत उघड असावा, ही किमान अपेक्षा आहे. लंडनच्या ‘आयआयएसएस’ या संस्थेला बहरीनच्या राजघराण्याकडून मोठा निधी मिळाल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले, तेव्हा टीका झाली ती मुख्यतः गुप्ततेवर.

आपल्याला काय त्याचे?

हा सारा वाद दूरचा वाटेल. पण त्याची झळ भारतापर्यंत आली होती. जर्मनीने ‘गॅझप्रॉम’च्या तेथील उपकंपनीचा ताबा घेतल्यानंतर तिच्याशी जोडलेल्या दीर्घकालीन करारातून ‘गेल’ला मिळणारा द्रवरूप वायू २०२२ च्या मध्यास अडला. ‘गेल’ला खत कारखान्यांसह आपल्या ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. युरोप चढ्या दराने वायू खरेदी करत असल्याने खुल्या बाजारातील वायू भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांना परवडेनासा झाला. युरोपने शोधलेल्या पर्यायाची किंमत अशी आशियालाही मोजावी लागली. जर्मन तज्ज्ञांच्या हिशेबात हा खर्च नव्हता, कारण प्रश्नच जर्मनीपुरता विचारला गेला होता.

म्हणूनच यापुढे ‘तज्ज्ञांच्या मते’ हे शब्द दिसले, की काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ही मोजणी आहे, हिशेब आहे की मत? हिशेब असेल, तर त्यातला ‘जर’ कोणता? निधी कोणाचा? आणि हिशेबात कोणाला धरले आहे, कोणाला वगळले आहे? तज्ज्ञांचे अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. पण अटींसह वाचले, तर ते मंत्र्यांच्या आश्वासनांपेक्षा आणि उद्योगपतींच्या धास्तीपेक्षा अधिक उपयोगी ठरतात, एवढे जर्मनीच्या त्या हिवाळ्याने दाखवून दिले आहे.