सेटरपासून ब्रिआर्डपर्यंत

दिवेलागणीच्या सुमारास पायरीशी येऊन थबकणाऱ्या, पुढचा पाय उचलून तो कोठे टेकावा या संभ्रमात क्षणभर तसाच उभा राहणाऱ्या कुत्र्याचे डोळे कंदिलाच्या उजेडात पूर्वीपेक्षा अधिकच लखलखू लागले, म्हणजे त्याच्या धन्यास प्रथम कौतुकच वाटते. परंतु दृष्टिपटल झिजून विरळ झाल्यामुळे त्यामागचा चकचकीत पडदा उघडा पडू लागल्याची ती खूण असते, हे त्यास फार उशिरा कळते.

स्वीडनमध्ये १९११ साली माग्नुसन यांनी गॉर्डन सेटर जातीत दृष्टिपटलाच्या या आनुवंशिक क्षयाचे वर्णन केले. दोष अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आईबाप दोघांकडून आल्यावाचून प्रकट न होणारा. त्यामुळे देखणा, शाबूत दृष्टीचा आणि प्रदर्शनांत बक्षिसे पटकावणारा वाहक कुत्राच प्रजननासाठी पुनःपुन्हा निवडला जाई, आणि निवडक घराण्यांत होणाऱ्या या अंतःप्रजननाने नोंदणीदफ्तरातील वंशावळ जसजशी उज्ज्वल होई, तसतसा तिच्यातील अंधारही मुरत जाई. ब्रिटनमध्ये आयरिश सेटरच्या पालकांनी त्यावर एक कठोर तोड काढली: संशयित कुत्र्याचा अंध जोडीदाराशी संयोग घडवावयाचा आणि पिल्लांची दृष्टी तपासावयाची; एकही आंधळे निघाले, तर कुत्रा वाहक. या शिस्तीने जात पुष्कळ सावरली, हे निर्विवाद. तथापि बापाची पारख व्हावी म्हणून आंधळ्या पिल्लांस जन्म द्यावा लागावा, हे मला नेहमीच क्लेशकारक वाटत आले आहे. १९९३ साली आयरिश सेटरमधील दोषी जनुक सापडले, आणि पुढे थेंबभर रक्ताच्या तपासणीने तोच दाखला मिळू लागला.

फ्रान्समधील ब्रिआर्ड या केसाळ मेंढपाळी जातीची हकीकत निराळी. तिच्यातील जन्मजात रातांधळेपणा स्वीडनच्या क्रिस्टिना नार्फस्ट्रॉम यांनी १९८९ साली नोंदविला. येथे दृष्टिपटलातील पेशी लवकर मरत नाहीत. प्रकाशग्राही द्रव्य पुनःपुन्हा तयार करणारे एक प्रथिन मात्र त्यांस मिळत नाही, आणि ते घडविणाऱ्या त्याच जनुकाच्या दोषाने काही मुलेही जन्मतः अंधत्वाच्या वाटेस लागतात. २००० साली अमेरिकेत लान्सेलॉट नावाच्या ब्रिआर्डच्या एका डोळ्यात, दृष्टिपटलाखाली, निरुपद्रवी विषाणूच्या आधारे निर्दोष जनुक सोडण्यात आले. काही महिन्यांनी मंद उजेडाच्या खोलीत उपचार झालेल्या बाजूचे अडथळे तो चुकवू लागला; दुसऱ्या बाजूच्या वस्तूंवर मात्र आदळत राहिला.

डिसेंबर २०१७ मध्ये याच मार्गाचा उपचार अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झाला. त्यासाठी झटलेल्या जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्याने, संशोधनात दृष्टी लाभलेल्या व्हीनस व मर्क्युरी या दोन कुत्र्यांस आपल्या घरी नेले.