राजपुत्र पळतो कुणाच्या बोटांनी?

सातारा-सांगलीकडं खेळावरून वाद घालायला कुणाला शिकवावं लागत नाही. माती की गादी, हा प्रश्न तालमीत नुसता विचारला तरी संध्याकाळ सरते. मातीतली कुस्ती निकाली व्हायची, पाठ लागेपर्यंत वेळेचं बंधन नाही; गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. मातीत पाय रुततो, दम लागतो, ताकदीचा मल्ल समोरच्याला जोखत थांबू शकतो. गादीवर पाय झटकन सुटतो, म्हणून चपळाईनं पट काढणाऱ्याचं फावतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले, १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. मधल्या चार वर्षांत त्यांना गादीची सवय करून घ्यावी लागली. महाराष्ट्र केसरीनं या भांडणावर आपल्यापुरती तोड काढली आहे. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी समोरासमोर. २०२२ साली साताऱ्यात झालेल्या स्पर्धेतही हाच रिवाज होता. जमीन बदलली की डाव बदलतात, हे या दोन जिल्ह्यांत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्यापासून चाहत्यांत जी हमरीतुमरी चालू आहे, तिच्यात हीच गोष्ट नेमकी विसरली जाते. गेमचं कंट्रोल, म्हणजे कोणत्या बटणानं काय होतं, किती वेळात होतं आणि एकदा दाबल्यावर माघार घेता येते की नाही, ही त्या खेळाची जमीन असते. चित्रं नवी काढली, संगीत नव्यानं वाजवलं तरी खेळ तोच राहतो. कंट्रोल बदललं तर मात्र उड्यांची अंतरं, शत्रूंचा वेग, कॅमेऱ्याची जागा, सगळंच पुन्हा बेतावं लागतं. तेवढी तयारी असेल तर खुशाल बदलावं. नसेल तर जुन्याला हात लावू नये.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'च घ्या. जॉर्डन मेकनरचा हा गेम १९८९ साली अ‍ॅपल टू संगणकावर आला आणि पुढं डॉसवर पसरला. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चितारल्या. त्यामुळं राजपुत्र माणसासारखा पळतो, आणि माणसासारखाच एकदम थांबू शकत नाही. पळता पळता उलटा बाण दाबला तर तो आधी घसरतो, मग वळतो. तळघरातल्या खड्ड्यापाशी आल्यावर शिफ्ट धरून बाण दाबला की तो एकेक पाऊल जपून टाकतो. कडेला पोचून अंतराचा अंदाज घ्यायचा, मागं सरायचं, धाव घ्यायची, उडी टाकायची आणि पलीकडची कड हाताला लागावी म्हणून पुन्हा शिफ्ट धरून ठेवायची. बोट क्षणभर उशिरा पडलं की खाली सुळे आहेतच. वर राजकन्येला सोडवायला मिनिटं फक्त साठ. यातला घसरण्याचा भाग काढून टाका, राजपुत्राला बोट हलताच वळायला लावा, आणि तेच खड्डे तसेच ठेवा: पोरखेळ होईल. त्या तळघरांची भीती खड्ड्यात कमी आणि थांबता न येण्यात जास्त आहे.

'टूम रेडर'च्या बाबतीत याचा पडताळाच मिळाला. १९९६ च्या मूळ खेळात लारा क्रॉफ्ट रणगाड्यासारखी चालते: डावं-उजवं दाबलं की जागेवर वळते, पुढचं दाबलं की तोंड असेल तिकडं जाते. आज हे प्रकरण अवघडल्यासारखं वाटतं. पण तिचं सगळं जग चौकोनांवर आखलेलं आहे. कडेवरून एक उडी मागं घेतली की धावत्या उडीला लागणारी जागा बरोबर मिळते. ती मोजणी म्हणजेच निम्मा खेळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिले तीन भाग नव्या चित्रांसह आले, तेव्हा जुनं टँक कंट्रोल आणि नवं, कंट्रोलरची काठी लोटाल तिकडं धावणारं, अशी दोन्ही दिली गेली. नव्या पद्धतीत फिरणं सुटसुटीत झालं, पण चौकोन तसेच राहिले आणि मोजून टाकायच्या पावलांची पंचाईत झाली. दोन्ही बाजूंचे चाहते नाराज होण्याचे योग असे जुळून येतात.

उलट 'रेसिडेंट ईव्हिल ४'. २००५ च्या मूळ आवृत्तीत बंदूक रोखली की नायक लिऑनचे पाय जागीच खिळायचे. गावकरी कुऱ्हाडी घेऊन सावकाश जवळ येताहेत आणि आपण नेम धरून उभे, हाच त्याचा थरार. २०२३ च्या नव्या आवृत्तीत नेम धरून चालता येतं. मग कर्त्यांनी काय केलं? शत्रू जास्त आक्रमक केले, चाकूनं वार अडवण्याची नवी युक्ती दिली, मारामारीचा तोल मुळापासून पुन्हा साधला. जुन्या मंडळींची कुरकुर झाली, पण ती आवडीनिवडीची होती. खेळ मोडला असं म्हणायला जागा उरली नाही.

आता आपल्याकडचं उदाहरण. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टनं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केली, आणि ती करत होते कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. झलक दिसताच जगभरातून टीकेचा भडिमार झाला: चेहरे मेणाचे, प्रकाश सपाट, हे कसलं नवं! जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढं ढकलली गेली, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं प्रकल्पच रद्द केला. झलक बेताची होती, यात वाद नाही. पण मूळ गेमची थोरवी कशात होती? भिंतीवरून धावण्यात, आणि उडी चुकली की वाळूच्या जोरावर काळ मागं फिरवण्यात. १९८९ च्या निष्ठुर शिक्षेवर २००३ साली सापडलेला हा उतारा होता, आणि तो बोटांनाच कळत होता. नवी आवृत्ती हातात कशी लागते हा खरा प्रश्न चाहत्यांनी विचारायचा, तर त्यांच्या हाती होता एक व्हिडिओ. व्हिडिओत चेहरा दिसतो. बटणाचा प्रतिसाद दिसत नाही. त्यामुळं निवाडा झाला तो रंगरंगोटीचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही चाळिशीतल्या माणसांची हळहळ आहे, दुसरं काही नाही. हळहळ असेल, पण ती बाजूला ठेवली तरी चौकोनाचं आणि उडीचं गणित बदलत नाही. ते आजच्या पंधरा वर्षांच्या मुलालाही तितकंच लागू आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे. ज्यांची बोटं चपळ नाहीत, ज्यांना एका हातानंच खेळावं लागतं, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी बटणं बदलून घेण्याची, वेग कमी करण्याची, बटण धरून ठेवण्याऐवजी एकदाच दाबण्याची सोय सढळ हातानं द्यावी. ती मूळ बेतात ढवळाढवळ नव्हे, कारण उडीचं अंतर तेच राहतं. खेळणारा तिथवर पोचतो, एवढंच. तिसरं म्हणणं, दोन्ही कंट्रोल द्या आणि भांडण मिटवा. महाराष्ट्र केसरीचा तोडगाही वरकरणी असाच दिसतो. पण तिथं मातीचा आखाडा वेगळा खणतात आणि गादी वेगळी अंथरतात. एकाच जगात दोन जमिनी कोंबल्या की काय होतं, ते लारानं दाखवलंच आहे.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो याच मुलखातला: कराड, विटा, तासगाव, जतच्या पोरांना हे जुने गेम कुठले माहीत? ती फोनवर खेळतात. खरं आहे, आणि म्हणूनच कंट्रोलचा वाद आज सगळ्यात जिवंत आहे तो फोनवर. पबजी मोबाईल सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंद झाला, त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय २०२१ साली आला, २०२२ साली गायब झाला आणि २०२३ साली परतला. या सगळ्या धामधुमीत दोन अंगठे की चार बोटांचा क्लॉ, म्हणजे पंजासारखी पकड, जायरो, म्हणजे फोन कलवून नेम धरायची सोय, चालू की बंद, यावर पोरं तावातावानं बोलत राहिली. पबजी मोबाईलनं तर संगणकावर एम्युलेटर, म्हणजे फोनचा गेम चालवणारी प्रणाली, लावून माऊसनं खेळणाऱ्यांना तशाच खेळणाऱ्यांसमोर उतरवायची व्यवस्था केली, कारण माऊसपुढं अंगठ्याचा निभाव लागत नाही. हे कुणाही समीक्षकाच्या लेखापेक्षा स्पष्ट निदान आहे.

जुन्या गेमची पुढची वाट फोनच्या काचेवरून जाणार असं दिसतं. २०२४ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राऊन' पुन्हा बाजूनं दिसणाऱ्या दृश्याकडं वळला. जाहीर झाला तेव्हा त्यालाही नाकं मुरडली गेली होती. हातात आल्यावर बहुतेकांची तक्रार विरली. एप्रिल २०२५ मध्ये तो फोनवर आला, बटणं हवी तिथं सरकवायची, काही बचाव आपोआप होऊ द्यायची सोय घेऊन. बाहेरचा कंट्रोलरही त्याला जोडता येतो, पण तो विकत घेणारे थोडे. काचेवरच्या बटणाला कड नसते, खोली नसते. बोट कुठं आहे ते डोळ्यांनी पाहावं लागतं आणि नेमकी तीच जागा अंगठ्यानं झाकलेली असते. नायकाच्या उड्या मात्र अजून कंट्रोलरच्या काठीच्या मापानंच आखलेल्या आहेत. चार बोटांची बैठक ज्यांनी घरच्या घरी बसवली, त्या पोरांच्या बोटांचं माप घेऊन तळघर आखणारा कारागीर अजून पुढं यायचा आहे.