चाकासाठी सुटी चकती आपणच करू या

सख्यांनो, थाळी, दह्याचं पसरट भांडं किंवा कुंडीखालची बशी चाकावर छान उतरते, पण उचलताना वाकडी होते. ओल्या भांड्याला दोन्ही हात लागले की गोल काठ लांबट होतो. घट्ट होईपर्यंत चाकावरच ठेवावं, तर चाक अडकून पडतं. गटात चाक एक आणि काम करणाऱ्या चौघी असल्या, की तिघींनी नुसतं बसून राहायचं.

पूर्वी माती कुटणं, चाळणं, मळणं बाईकडे असायचं आणि चाक पुरुषाकडे. विजेच्या चाकाला जोर लावावा लागत नाही, म्हणून आता आपणही चाकावर बसतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण मिशनमधून २०१८ पासून अशी चाकं दिली गेली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांतही कुंभारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, मात्र कुटुंबातल्या एकालाच. म्हणून मिळालेलं चाक दिवसभर फिरतं राहिलं पाहिजे. त्यासाठी हवी सुटी चकती. भांडं चकतीवर घडवायचं, चकतीसकट उचलायचं आणि दुसरी चकती बसवायची.

चकती कशी करायची?

१२ मिलीमीटर जाडीचा मरीन प्लाय घ्या. त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या. साधा प्लाय पाण्यानं फुगतो. ८ बाय ४ फुटांच्या एका पत्र्यातून १० इंची ३६ चकत्या निघतात, म्हणजे नऊ जणींना चार-चार. प्लायचा भाव आणि सुताराची मजुरी मिळवून ३६ ने भागा, की एका चकतीचा खर्च कळेल. कापण्याआधी आपल्या चाकाची रुंदी मोजा. चाक लहान असेल तर चकतीही त्या मापाची करा.

कडा पॉलिश पेपरनं घासा. दोन्ही बाजूंना आणि कडेला वॉर्निशचे दोन हात द्या. एकच बाजू रंगवली तर दुसरी पाणी पिते आणि चकती वाकते.

चाकावर कशी बसवायची?

चाकाला भोकं पाडायची गरज नाही.

१. चाक कोरडं पुसा. जरा घट्ट मातीचा सव्वा किलोचा गोळा मधोमध आपटून बसवा.
२. चाक फिरवत त्याची बोटभर जाड, सपाट भाकरी करा. ती चकतीपेक्षा थोडी लहान असू द्या. वर पाणी साचू देऊ नका.
३. बोटानं त्यात दोन-तीन गोल चऱ्या पाडा. त्यामुळे चकती घट्ट धरते.
४. चाक थांबवा. चकतीची खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसा, मधोमध ठेवा आणि मुठीनं ठोका.
५. चाक हळू फिरवून बघा. चकती डुगडुगत असेल तर उंच बाजू ठोका.

भांडं झालं, की बुडाखालून लगेच ताणलेला दोरा ओढा, पण भांडं हलवू नका. माती वाळताना आकसते. बूड चकतीला चिकटून राहिलं तर त्याला आकसता येत नाही आणि ते तडकतं. मग चकतीखाली लाकडी पट्टी घालून हलकेच उचका. खालची मातीची भाकरी तशीच राहते, त्यावर पुढची चकती बसवा.

आपल्या नगरकडच्या कोरड्या हवेत काठ आधी वाळतो आणि बूड ओलं राहतं. म्हणून भांडी सावलीत, काठावर ओलसर फडकं टाकून ठेवा. हाताळण्याइतकी घट्ट झाली की काढून पालथी घाला. चकत्या धुऊन सावलीत उभ्या वाळवा.

प्लास्टर ऑफ पॅरिसचीही चकती होते. पण तिचा टवका मातीत मिसळला तर भाजलेल्या भांड्याचा तेवढा भाग उडतो. त्यामुळे सुरुवात प्लायनंच करा.

पणत्या आणि बोळकी मोठ्या गोळ्यावरून एकामागून एक उतरवता येतात, त्यांना चकती लागत नाही. नवरात्रातले घट आणि संक्रांतीची सुगडं ठरावीक दिवसांतच खपतात. थाळी, बशी, दह्याचं भांडं मात्र बाराही महिने विकता येतं, आणि चकती लागते ती यांनाच. पुढच्या बैठकीत एका पत्र्याचा खर्च काढा आणि कोणी किती चकत्या घ्यायच्या ते ठरवा.