बांधायची की सोडायची? छत्रीबागेतल्या गॅरेजमधला एक दिवस

सकाळी साडेसात

शटर वर करतो तेव्हा व्यंकटेश मंदिराकडे जाणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते. होळकरांच्या छत्र्यांवरून नाव पडलेल्या इंदूरच्या आमच्या या जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद आहेत. त्यामुळे माझ्याकडे येतात त्या बहुतेक छोट्या गाड्या, तेही एकाच घरात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या. दुरुस्तीचा आकडा ऐकला की मालक एकच प्रश्न विचारतात : एवढा पैसा घालण्यासारखी आहे का ही?

काल संध्याकाळी महू नाक्याजवळ बंद पडलेली एक गाडी ओढून आणली आहे. २०११ची पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडर, हजार सीसीच्या आतली, नंबर अर्थातच एमपी ०९. ती मुद्दाम रात्रभर थंड होऊ दिली. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर हात भाजतोच, शिवाय इंजिनचे बरेच दोष थंड असतानाच दिसतात.

रेडिएटरमध्ये कूलंट नाही, गढूळ पाणी आहे. म्हणजे गळती बरीच जुनी आहे आणि घरच्यांनी वरून नळाचं पाणी भरत दिवस काढले. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका चिकट थर आहे. हा थर थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही धरतो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. गाडी चालू करून पाहिली. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले, थांबले नाहीत. गाडी लगेच बंद केली.

सकाळी नऊ

गाडीचे मालक काका-काकू आले. काका शाळेतून निवृत्त झालेले. काकूंच्या गुडघ्यामुळे आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जावं लागतं, अधूनमधून उज्जैन असतं. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना पूर्ण इंजिन बांधायचे ५५,००० सांगितले आहेत.

"विकली तर चांगल्या अवस्थेत लाख-सव्वा लाख येतील म्हणतात. आणि पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतायत. मग ती भंगारातच जाणार ना रे?" काकांनी विचारलं.

ही भीती मला रोज ऐकायला मिळते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर दहा आणि पंधरा वर्षांचे निर्बंध आले. ती बातमी फिरत फिरत इंदूरला पोचली आणि देशभराचा कायदा बनून बसली. प्रत्यक्षात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तपासणीत गाडी उतरली की ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओला दाखवायची. एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० झालं. खर्च वाढला हे खरं, पण दार बंद झालेलं नाही.

"काका, आकडा मी दुपारी सांगतो. आधी तिला तपासू दे."

सकाळी साडेदहा

तिन्ही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्या सिलिंडरला १२, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ७. मग दुसऱ्या आणि तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. काटा जेमतेम अर्ध्या आकड्याने हलला.

सगळा निर्णय या दोन मोजण्यांवर उभा आहे. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट तात्पुरती बुजली असती आणि दाब चांगला चढला असता. तो चढला नाही, म्हणजे हवा वरून निसटते आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेत आणि पाण्यात बुडबुडे आहेत. तेव्हा दोघांच्या मधला हेड गॅसकेट गेला आहे. खालचं इंजिन शाबूत आहे. ५५,०००चं काम लागणारच नाही.

पाऊण तासाची ही तपासणी केल्याशिवाय कुणी "इंजिन बांधावं लागेल" म्हणालं, तर ग्राहकाने तिथून उठावं. माझ्या धंद्यातल्या माणसांनाही माझं हेच सांगणं आहे.

दुपारी बारा

आता गाडी वर उचलली. इंजिनपेक्षा या तपासणीला मी जास्त मानतो. इंजिनचा प्रत्येक भाग बदलता येतो, कुजलेला सांगाडा बदलता येत नाही. दाराखालचा पत्रा, फ्लोअर, शॉकअप जिथे बॉडीला बसतो त्या जागा, मागच्या अ‍ॅक्सलचे जोड. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. घट्ट पत्रा टणक वाजतो, कुजलेला बोदा वाजतो आणि पापुद्रे सोडतो. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीला वरवरचा गंज आहे, बाकी पत्रा टणक. इंदूरला समुद्राची खारी हवा नाही, गाडीला त्याचा फायदा होतो.

टायरच्या बाजूला भेगा पडल्या आहेत, चारही बदलायचे. पुढचे ब्रेक पॅड संपलेत, लोअर आर्मचे बुश फाटलेत. पेट्रोलचे रबरी पाइपही पाहिले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या आधीची आहे, म्हणून फुगलेला किंवा तडकलेला पाइप ठेवायचा नाही.

दुपारी दोन

एक ताई सासऱ्यांची २००८ची डिझेल सेडान घेऊन आल्या. इंजेक्टर आणि पंपाचे ९०,००० सांगितलेत. मी इंजिन उघडलंच नाही. मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. "ताई, हिच्यावर एक रुपया घालू नका."

पण सोडायची तीही नीट सोडावी लागते. कबाड्याला रोख पैशांत दिली तर कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर राहते. उद्या तिचा नंबर किंवा चेसिस कुठे वापरली गेली तर पोलिस तुमच्या दारात येतील. २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच गाडी द्यावी, 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' घ्यावं आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी. धोरणात भंगाराची किंमत त्या प्रकारच्या नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली आहे. हे प्रमाणपत्र दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. नायता मुंडल्याच्या आरटीओत सध्याचा दर विचारून घ्या, असं त्यांना सांगितलं.

दुपारी साडेतीन

काका-काकू परत आले. कागद घेऊन बसलो.

हेडचं काम : गॅसकेट सेट आणि फेसिंग ७,०००, रेडिएटर ५,०००, वॉटर पंप-कूलंट-ऑइल ५,०००, मजुरी ७,०००. एकूण २४,०००. टायर १४,०००, ब्रेक आणि बुश ६,०००. म्हणजे ४४,०००.

"म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे," काका म्हणाले.

लोक हिशेब इथेच चुकतात. अपघातात दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. तो नियम कंपनीसाठी ठीक आहे, तिला गाडी चालवायची नसते. तुम्हाला चालवायची आहे. तुम्ही बघायचं ते इतकंच : पुढची तीन वर्षं या गाडीने काढायला किती लागतात, आणि दुसऱ्या मार्गाने किती.

मग मांडलं. दुरुस्ती ४४,०००. नूतनीकरण ५,०००. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २,०९४ अधिक जीएसटी, म्हणजे तीन वर्षांचे साधारण ७,४००. किरकोळ देखभाल वर्षाला ८,०००, तिचे २४,०००. आज आहे तशी विकून ३५,००० मिळतील, ते सोडले म्हणून तेही खर्चात धरले. तीन वर्षांनी निदान ३०,००० येतील, ते वजा केले. उरले सुमारे ८५,०००, म्हणजे वर्षाला २८,५००.

दुसरीकडे चार लाखांची पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली आणि तीन वर्षांनी ती अडीच लाखांना गेली, तर नुसत्या किमतीतच वर्षाला ५०,००० गेले. विमा, देखभाल, कर्जाचं व्याज वेगळंच. शिवाय तिच्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक? हिचं तर आज सगळं पाहून झालंय.

काकूंनी मधेच विचारलं, "आणि गाडीच ठेवली नाही तर?"

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. २८,५०० म्हणजे महिन्याला २,४००च्या आत, पेट्रोल वेगळं. एवढ्यात टॅक्सी आणि रिक्षा भागत असेल, तर गाडी सोडणं शहाणपणाचं. काकूंनी फेऱ्या मोजल्या. आठवड्याच्या दोन थेरपी, बाजार, उज्जैन, भाचीचं घर. भागत नव्हतं. "बांध रे," त्या म्हणाल्या.

एक अट मीच घातली. हेड उघडल्यावर तडा निघाला तर काम तिथेच थांबेल, उघडण्याचे फक्त ३,००० घेईन, आणि पुन्हा विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. ही मर्यादा आधी कागदावर लिहिलेली असावी. नाहीतर "आता एवढं केलंच आहे तर" म्हणत खर्च वाढत जातो आणि कुठे थांबायचं ते कुणालाच कळत नाही.

संध्याकाळी सहा

एका मुलाने पार्टचं विचारायला फोन केला, कुणाकडून जुनी शेव्हरोले स्वस्तात मिळते आहे. तिच्या कंपनीने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशी गाडी घेऊच नये असं नाही. पण बॉडीचे आणि इलेक्ट्रिकचे पार्ट मिळतील का, ते आधी बाजारात विचारावं. याउलट मारुती ८०० जानेवारी २०१४मध्ये बंद होऊनही तिची कामं करणारे हात आणि पार्ट आजही गल्लोगल्ली आहेत. दुरुस्ती परवडते की नाही हे यावरही ठरतं.

संध्याकाळी साडेसात

हेड उतरलं. पुसून त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवली आणि फीलर गेज घेतला. ०.०५ मिलिमीटरची पात दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधून सरकली, ०.१० ची अडकली. तेवढी वाक फेसिंगमध्ये निघते. गॅसकेट नेमका त्याच जागी काळा पडून फुटला होता. डोळ्यांना तडा दिसला नाही, तरी सकाळी लेथवाल्याकडे प्रेशर टेस्ट करूनच फेसिंगला लावणार. काकांना फोन करून हे सगळं सांगितलं, जुना गॅसकेट त्यांना दाखवायला बाजूला ठेवला.

तुमच्या दारातली जुनी गाडी अडली असेल, तर विकण्याआधी आणि बांधण्याआधी तीन गोष्टी करा. कॉम्प्रेशन मोजून घ्या, गाडी उचलून खालचा पत्रा स्वतः पाहा, आणि पुढच्या तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. पत्रा कुजला असेल तर माया आवरा आणि गाडी रीतसर सोडा. पत्रा टणक असेल आणि दोष नेमका सापडला असेल, तर केवळ वय झालं म्हणून चांगली गाडी भंगारात घालू नका. आणि काहीही ठरवलं तरी इंजिनवर पैसे घालून ब्रेक-टायर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.