उमेदवार कामगारांबद्दल नेमकं काय म्हणतोय?

ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

२०२४ च्या दिवाळीत मी वाशिमला घरी होतो. सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली आणि विधानसभेचा प्रचार जोरात. गल्लीतून दिवसाला चारदा भोंग्याची गाडी जायची, 'शेतमजुरांच्या, कामगारांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहणारे नेतृत्व!' माझा चुलतभाऊ ओट्यावर बसून ऐकत होता. तो पुण्याजवळ एका गोदामात ठेकेदारामार्फत कामाला होता. दसऱ्याआधी त्याला फोन आला, 'उद्यापासून येऊ नको.' शेवटचा पगार बाकीच. गोदामवाले म्हणत होते ठेकेदाराला विचार, आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता.

भाऊ म्हणाला, "दादा, तू इंजिनिअर हायेस ना? मंग सांग, पाठीशी उभा राहते म्हंजे हा नेमकं करते काय?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी असा उमेदवार शोधला, ज्यानं हे लिहून दिलं होतं. तो सापडला १९३७ च्या निवडणुकीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं. पण त्याआधी, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पक्षाच्या नावातच मजूर! त्या वेळी आपलं वाशिम मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. बाबासाहेब उभे राहिले मुंबईत, भायखळा-परळच्या गिरणगावात. समोर काँग्रेसकडून नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू होते. बाबासाहेब जिंकले.

आता त्यांचा जाहीरनामा बघा. त्यात नुसतं 'कामगारांचं भलं करू' असं नव्हतं. कारखान्यातली नेमणूक, बडतर्फी आणि बढती यांवर कायद्याचं नियंत्रण हवं. कामाच्या तासांना मर्यादा हवी. पुरेसा पगार, भरपगारी रजा, स्वस्त आणि स्वच्छ घरं हवीत. बेकारांसाठी सार्वजनिक कामं काढावीत, आणि गरज असेल तिथे उद्योग सरकारनं चालवावेत. प्रत्येक मुद्द्यावर उद्या जाब विचारता येईल, अशी भाषा. आणि तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटी होत्या. म्हणजे ज्यांच्यासाठी हे लिहिलं, त्यातल्या कितीतरी मजुरांना मतच नव्हतं.

जिंकल्यावर काय केलं? १७५ जागांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाची संख्या विशीच्याही आत. तरी सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे कोकणात सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस, सारा गोळा करणारा. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. विधेयक मात्र पास झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. त्याच वर्षी संपावर बंधनं घालणारा औद्योगिक कलह कायदा आला. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांना सोबत घेऊन त्यांनी एक दिवसाचा संप केला. कायदा तरीही झालाच.

म्हणजे हरलेच म्हणायचे? थांबा. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखान्यातले आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. किमान वेतनाचं विधेयकही त्याच वर्षी त्यांनी मांडलं, कायदा १९४८ ला झाला. दहा वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेलं हातात सत्ता आल्यावर ते विसरले नाहीत.

यावरून मी भावाला तीन प्रश्न लिहून दिले. कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला विचारा.

एक, कोणत्या कामगारासाठी? सालगडी, गुत्त्यावर सोंगणी करणारी बाई, ठेकेदाराकडचा पोरगा, या तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत.

दोन, किती आणि कधीपर्यंत? रुपये, तास, तारीख.

तीन, हे तुमच्या हातात आहे का? कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही कायदा करता येतो. जिल्हा परिषदेचा उमेदवार किमान वेतन वाढवतो म्हणत असेल, तर तो थापा मारतोय. आमदार मात्र सभागृहात प्रश्न विचारू शकतो, कामगार अधिकाऱ्यांची पदं का रिकामी आहेत म्हणून पाठपुरावा करू शकतो.

शोधता शोधता भावाच्या कामाचंही एक सापडलं. तेव्हा १९७० चा कंत्राटी कामगार कायदा जिथे लागू होता, तिथे ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं द्यायचा असायचा. आम्ही कामगार कार्यालयात लेखी तक्रार दिली. चार महिने लागले, पण पैसे आले. भाऊ इतकंच म्हणाला, "हे भोंग्यावाल्यानं सांगतलं असतं तं!"

तुमच्या भागातला उमेदवार पुढच्या वेळी ओट्यावर आला, की चहा जरूर द्या. आणि चहा पिईपर्यंत हे तीन प्रश्न विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!