टीकाकारांचा बदललेला अभिप्राय

अमेरिकेंतील ए.एम.सी. वाहिनीनें २०१४ सालीं 'हॉल्ट अँड कॅच फायर' ही मालिका सुरू केली. १९८३ च्या सुमारास टेक्ससमधील एक कंपनी आय.बी.एम.च्या संगणकाची उकल करून तसेंच यंत्र बनवूं पाहते, हें तिचें कथाबीज. टीकाकारांनीं प्रथम तिचें स्वागत बेताचेंच केलें. नायक जो मॅकमिलन हा त्याच वाहिनीवरील 'मॅड मेन'च्या नायकाची छाया आहे, हा त्यांचा आक्षेप अगदींच निराधार नव्हता.

दुसऱ्या पर्वांत मात्र कर्त्यांनीं कथेचा भार डॉना व कॅमेरॉन या दोन कर्तबगार स्त्रियांवर टाकला. दूरध्वनीच्या तारेवरून खेळ पुरविणारी त्यांची कंपनी, त्यापायीं डॉनाच्या संसारावर पडणारा ताण आणि पुढें त्यांच्या भागीदारीला गेलेला तडा, यांनीं मालिका जिवंत झाली. नाकें मुरडणाऱ्यांपैकीं अनेकांनीं मग तिची मोकळ्या मनानें वाखाणणी केली. प्रेक्षक शेवटपर्यंत थोडेच लाभले. तरीहि वाहिनीनें २०१७ पर्यंत चार पर्वांचे ४० भाग पुरे होऊं दिले.

नव्या सुनेची पारख पहिल्याच सणाला करूं नये, असें आपल्या घरांतील वडीलधारीं सांगतात. कलाकृतीलाहि तेवढी सवड द्यावी, असें आम्हांस वाटतें.